दुसऱ्या भागाचा उतारा

भुताखेतांच्या चित्रपटाचा दुसरा भाग काढणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून कणव वाटते. विनोदी चित्रपटाचा दुसरा भाग फसला तर लोक हसत नाहीत, एवढंच. भयपटाचा दुसरा भाग फसला की लोक हसतात. आणि अंधारात, चारशे अनोळखी माणसांसोबत आलेलं हसू आवरता येत नाही, हे आपल्याला शाळेतल्या प्रार्थनेपासून ठाऊक आहे.

१७ जून १९७७ रोजी अमेरिकेत ‘एक्झॉर्सिस्ट टू : द हेरेटिक’ प्रदर्शित झाला, तेव्हा हेच घडलं. लोक हसले. मूळ कादंबरी आणि पहिल्या चित्रपटाची पटकथा लिहिणारा विल्यम पीटर ब्लॅटी पुढे सांगत असे, की थिएटरात पहिलं हसू माझंच फुटलं. लेखकाला आपल्या गोष्टीचं पुढे काय झालं ते पाहून रडू येतं, असं आपण समजतो. ब्लॅटी मुळात विनोदी लेखक होता, हे इथे लक्षात घेतलं पाहिजे. ‘द पिंक पँथर’मधल्या इन्स्पेक्टर क्लूझोच्या ‘अ शॉट इन द डार्क’ या चित्रपटाच्या पटकथेत त्याचा हात होता. हसण्यासारखं काय आहे, हे त्याला इतरांच्या आधी कळणारच.

पण आधी पहिल्याबद्दल थोडं बोलायला हवं, कारण पडणाऱ्याची दया येण्याआधी तो कुठून पडला ते पाहावं लागतं. ‘द एक्झॉर्सिस्ट’ १९७३च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी लागला. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागात राहणारी एक अभिनेत्री, तिची बारा वर्षांची मुलगी रेगन, आणि त्या मुलीच्या अंगात शिरलेलं काहीतरी. थिएटरांत लोक बेशुद्ध पडले, काहींना ओकाऱ्या झाल्या, आणि बाहेर थंडीत त्याहून जास्त लोक तिकिटासाठी रांग लावून उभे राहिले. ऑस्करची दहा नामांकनं मिळाली. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनापर्यंत पोचलेला तो पहिला भयपट.

आमच्या पिढीने तो पुढे कधीतरी व्हिडिओ कॅसेटवर पाहिला, आणि त्याहीआधी मोठ्या भावंडांच्या तोंडून ऐकला. ऐकलेला जास्त भयंकर होता, हे कबूल केलं पाहिजे. आमच्या एका मावसभावाच्या आवृत्तीत मुलीचं डोकं बरेच फेरे घ्यायचं आणि शेवटी कॅमेऱ्याकडे बघून ती बघणाऱ्याचं नाव घ्यायची. प्रत्यक्षात तसं काही नव्हतं. तरीही पाहताना जो गारवा अंगावर आला तो खोटा नव्हता. शब्दशः खोटा नव्हता, कारण दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिनने रेगनच्या खोलीचा अख्खा सेट यंत्रं लावून गोठवला होता. पात्रांच्या तोंडून निघणारी वाफ खरी आहे. त्यांचं कुडकुडणं हा अभिनय नाही.

माझ्या मते त्या चित्रपटातलं सगळ्यात भीतिदायक दृश्य भुताचं नाहीच. ते इस्पितळातलं आहे. मुलीच्या मानेत सुई खुपसून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं चित्र काढतात, यंत्र धडाधड आवाज करतं, डॉक्टर आपसात शांतपणे बोलतात आणि आई बाहेर उभी असते. एकामागून एक तपासण्या होतात, काही सापडत नाही, आणि शेवटी डॉक्टर मंडळीच तिला सुचवतात की एखादा पाद्री पाहा. आपल्याकडे हा क्रम बहुधा उलटा असतो. आधी देवऋषी, मग अंगारा, मग दृष्ट, आणि सगळ्यांचे पैसे देऊन झाले की तालुक्याचा दवाखाना. त्या आईचं हे दारोदार फिरणं खरं असल्यामुळे पुढचं सगळं आपण विश्वास ठेवून पाहतो. शेवटी म्हातारे फादर मेरिन हृदय बंद पडून जातात, तरुण फादर कारस ते भूत स्वतःच्या अंगात घेतो आणि खिडकीतून उडी मारतो. खाली दगडी पायऱ्यांचा उंच जिना. संपलं. भूत गेलं, दोन माणसं गेली, मुलगी वाचली, तिला काही आठवतही नाही.

आता याच्यापुढे काय दाखवणार? गोष्ट सांगून झाल्यावर ‘मग पुढे?’ असं विचारणारं एक पोर प्रत्येक घरात असतं. हॉलिवुडात ते पोर मोठं होऊन स्टुडिओ चालवतं.

स्टुडिओने फ्रीडकिनला विचारलं, ब्लॅटीला विचारलं. दोघांनाही रस नव्हता. आईचं काम करणाऱ्या एलन बर्स्टिनने नकार दिला. रेगन झालेली लिंडा ब्लेअर तयार झाली, पण पुन्हा तो भुताचा रंग तोंडाला फासणार नाही, या अटीवर. म्हणून दुसऱ्या भागात जिथे झपाटलेली रेगन दिसते, तिथे दुसरीच मुलगी आहे. आणि दिग्दर्शनासाठी बोलावलं जॉन बुअरमनला.

इथे खरी गंमत आहे. बुअरमन लहानसहान माणूस नव्हता. ‘डेलिव्हरन्स’सारखा जबरदस्त चित्रपट त्याच्या नावावर होता. पण पहिला ‘एक्झॉर्सिस्ट’ही आधी त्याच्याकडे आला होता, आणि एका लहान मुलीचा असा छळ दाखवणं मला किळसवाणं वाटतं म्हणून त्याने तो नाकारला होता. म्हणजे माळकऱ्याला मटणाचा रस्सा करायला सांगावा, आणि त्यानेही जबाबदारीने, नीट विचार करून, मटण वगळून तो करावा, असा हा प्रकार. बुअरमनने अगदी प्रामाणिकपणे ठरवलं, की पहिल्या चित्रपटाने जी जखम केली ती आपण भरून काढू. हा चित्रपट चांगुलपणाबद्दल असेल. भीतीबद्दल नसेल.

चांगुलपणाबद्दल! तिकिटासाठी रांगेत उभ्या असलेल्या लोकांना याची काही कल्पना नव्हती.

तर गोष्ट अशी. चार वर्षं झाली आहेत. रेगन आता न्यूयॉर्कमध्ये एका उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावर, काचा आणि आरसे यांनी भरलेल्या घरात राहते आणि गच्चीच्या कठड्याशी इतकी वावरते, की भुतापेक्षा त्या कठड्याचीच धास्ती वाटावी. तिच्यावर मुलांच्या एका अत्याधुनिक चिकित्सालयात उपचार चालू आहेत. तिथल्या भिंतीही काचेच्या. तिची डॉक्टर आहे लुईझ फ्लेचर. या बाईंना नुकतंच ‘वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट’मधल्या नर्स रॅचेडसाठी ऑस्कर मिळालेलं. मनोरुग्णांच्या वॉर्डातल्या त्या थंडगार नर्सनंतर दोनच वर्षांत त्यांच्या हाती एक मानसिक त्रासाची मुलगी सोपवायची, याला धाडस म्हणावं की विसरभोळेपणा?

या डॉक्टरीणबाईंकडे एक यंत्र आहे. नाव सिंक्रोनायझर. दोन माणसांनी समोरासमोर बसायचं, डोक्याला पट्ट्या लावायच्या, मध्ये दिवा उघडझाप करणार आणि एक घूं घूं आवाज हळूहळू खाली उतरत जाणार. मग दोघंही एकाच वेळी संमोहनात जातात आणि एकाला दुसऱ्याच्या डोक्यातलं दिसू लागतं. पहिल्या चित्रपटातलं इस्पितळ आठवा. तिथलं यंत्र खरं होतं आणि त्याला काही सापडत नव्हतं. इथलं यंत्र खोटं आहे आणि त्याला सगळं सापडतं. दोन चित्रपटांमधला फरक मला इथे सगळ्यात स्वच्छ दिसतो. न कळणाऱ्या गोष्टीला एकदा यंत्र लावलं, की तिचा अहवाल येतो. आणि अहवालाला घाबरायचं ते फक्त आपला असेल तर.

या यंत्रापाशी येऊन बसतो फादर लॅमॉन्ट, म्हणजे रिचर्ड बर्टन. फादर मेरिन कसे वारले आणि त्यांची मतं धर्मबाह्य होती की काय, याची चौकशी करायला चर्चने त्याला पाठवलं आहे. बर्टनचा आवाज असा, की त्याने वाण्याची यादी वाचली तरी ऐकणाऱ्याने हात जोडावेत. इथे त्याला साधारण तेच करायला लावलं आहे. त्याच वर्षी आलेल्या ‘इक्वस’मध्ये त्याने मानसोपचारतज्ज्ञाचं काम केलं आणि ऑस्करचं सातवं नामांकन मिळवलं, ऑस्कर मात्र त्याला एकदाही मिळालं नाही, ही वेगळी शोकांतिका. म्हणजे त्या वर्षी एका पडद्यावर तो उपचार करत होता आणि दुसऱ्या पडद्यावर त्याला उपचारांची गरज होती. एका प्रसंगात तळघरातल्या पेटलेल्या खोक्यावर तो कुबडी घेऊन धावून जातो आणि आग बडव बडव बडवतो. कुबडीने आग विझते की नाही हे मला माहीत नाही, पण बर्टनच्या चेहऱ्यावर ती विझवण्याचा जो निर्धार आहे, तो पाहून मला दरवेळी उठून टाळी वाजवावीशी वाटते.

मग फादर मेरिन. ते पहिल्या भागात वारले, त्यामुळे जुन्या आठवणींमधून येतात. भूमिका पुन्हा मॅक्स फॉन सिडोची. पहिल्या चित्रपटाच्या वेळी तो चव्वेचाळिशीच्या आसपासचा होता आणि डिक स्मिथ या रंगभूषाकाराने त्याला इतकं बेमालूम म्हातारं केलं होतं, की लोकांना तो खरोखरच सत्तरीचा वाटला. आता तो चार वर्षांनी मोठा झालेला, आणि मेरिनची तरुणपणीची आफ्रिकेतली हकिगत सांगायची, म्हणून रंग पुसून उभा राहतो. वय वाढल्यावर तरुण होण्याची ही सोय फक्त दुसऱ्या भागातच मिळते.

आणि आफ्रिकेत काय आहे? टोळ.

होय, टोळ. शेतावर येतात ते. पहिल्या चित्रपटाच्या सुरुवातीला इराकमधल्या उत्खननात जी अक्राळविक्राळ मूर्ती दिसते, तिचं नावही कोणी धड घेत नाही. दुसऱ्या भागात त्या मेसोपोटेमियन दैत्याचं, पाझुझूचं नाव इतक्यांदा आणि इतक्या खणखणीत आवाजात घेतलं जातं, की शेवटी त्याच्याशी थोडी ओळख झाल्यासारखं वाटतं. आपल्याकडे जाणती माणसं रात्री सापाचंसुद्धा नाव घेत नाहीत, जनावर म्हणतात. त्यांना भयपटाचं शास्त्र बुअरमनपेक्षा जास्त कळत होतं. हा पाझुझू टोळांच्या रूपात येतो. मेरिनने पूर्वी आफ्रिकेत ज्याच्या अंगातून त्याला काढलं, तो कोकुमो नावाचा मुलगा टोळधाड थोपवू शकायचा. फादर लॅमॉन्ट पाझुझूच्याच पंखांवरून जणू तरंगत कोकुमोच्या शोधात जातो, तिथल्या लोकांच्या रोषाला बळी पडून दगड खातो, आणि त्याच क्षणी हजारो मैलांवर, शाळेच्या कार्यक्रमासाठी टॅप डान्स करणारी रेगन कोसळते.

कोकुमो सापडतो. जेम्स अर्ल जोन्स. डोक्यावर टोळाच्या तोंडासारखा भलाथोरला मुकुट. आपण सावरून बसतो, आता काहीतरी होणार. आणि होतं काय, तर मुकुट नाहीसा होतो आणि तो अंगात पांढरा कोट घालून प्रयोगशाळेत उभा असतो. तो कीटकशास्त्रज्ञ निघतो! मग तो फादरना टोळ कसे बिथरतात ते समजावून सांगतो. याच जोन्सचा आवाज त्याच सुमाराला शेजारच्या थिएटरात ‘स्टार वॉर्स’मधल्या डार्थ व्हेडरच्या मुखवट्यातून घुमत होता, तो चित्रपट तीनच आठवडे आधी लागला होता. ज्यांना त्या महिन्यात त्या आवाजाची भीती वाटायला हवी होती, त्यांनी बहुधा योग्य तिकीट काढलं.

त्यातून टोळांचं शास्त्र चित्रपटात अगदीच हवेतलं नाही, हे मला फार आवडतं. एकेकटा टोळ गरीब असतो. गर्दी झाली, अंगाला अंग घासू लागलं, की त्याचा रंग बदलतो, वागणं बदलतं आणि झुंड तयार होते. बोरिस उवारोव्ह या शास्त्रज्ञाने १९२१मध्ये हे दाखवून दिलं, की एकटा टोळ आणि झुंडीतला टोळ या दोन जाती नसून एकाच किड्याची दोन रूपं आहेत. बुअरमनला यातून माणसांबद्दल सांगायचं होतं: वाईटपणा स्पर्शाने पसरतो, आणि एखादा चांगला टोळ ती साखळी तोडू शकतो. कल्पना वाईट नाही हो. एखाद्या दिवाळी अंकात तिच्यावर सुंदर लेख झाला असता. २०२०च्या मे महिन्यात अमरावती, वर्धा, नागपूर भागात खरीखुरी टोळधाड आली, तेव्हा तिकडच्या शेतकऱ्यांनी डबे बडवले, धूर केला आणि कृषी खात्याने फवारणीचे बंब आणले. चित्रपटाच्या शेवटी रेगन जॉर्जटाउनच्या त्या जुन्या घरात उभी राहून हात डोक्यावर गरागरा फिरवते आणि टोळांचा लोंढा पांगतो. संत्र्याच्या बागांवर हा उपाय चालला असता, तर खर्च पुष्कळ वाचला असता.

ते जॉर्जटाउनचं घर आणि तो जिना, तेही स्टुडिओतच उभारलेलं. खऱ्या जागी चित्रीकरणाची परवानगीच मिळाली नाही. मध्येच बुअरमन एका बुरशीजन्य तापाने महिनाभर अंथरुणाला खिळला आणि सगळं काम थांबलं. अशा वेळी सेटवरचे लोक आपसात काय कुजबुजतात, हे जगात कुठेही सारखंच. पहिल्या चित्रपटाच्या वेळीही अपघात झाले, सेटला आग लागली, आणि तेव्हा ‘शाप आहे’ ही अफवा चित्रपटाला मानवली. दुसऱ्या वेळी कोणी शापाचा आरोप केला असता, तर पाझुझूनेच हरकत घेतली असती.

पहिल्या दिवसांत गर्दी प्रचंड होती. पण एकदा आत हसू फुटल्यावर ती बातमी टोळासारखी पसरली. बुअरमनने चित्रपट लागलेला असतानाच त्याची पुन्हा काटछाट केली, शेवटही बदलला, नव्या प्रती थिएटरांत पाठवल्या. तरीही लोक हसले. फरक इतकाच की आता थोडी कमी मिनिटं हसले. पुढे बुअरमनने मोकळेपणाने मान्य केलं, की लोकांना जी भीती हवी होती ती मी दिली नाही. बाकी धंदा म्हणाल तर लागलेला पैसा सुटला. एन्यो मोरिकोनेचं संगीत तर अप्रतिम आहे, आजही नुसतं ऐकावं. मार्टिन स्कोर्सेसीला हा भाग पहिल्यापेक्षा सरस वाटला होता, पॉलिन केलसारख्या कडक समीक्षिकेनेही त्याची बाजू घेतली होती. मोठ्या माणसांना चुकीच्या बाजूने उभं राहायची हौस असते असं मी म्हणणार नाही, कारण दरवेळी हा चित्रपट पाहताना मलाही त्यांच्या शेजारी जाऊन बसावंसं वाटतं.

कारण माझं असं मत झालं आहे, की या चित्रपटाने स्वतःच्या नावाला जागून काम केलं. पहिल्या ‘एक्झॉर्सिस्ट’मध्ये दोन पाद्री जीव तोडून, पाणी शिंपडून, मंत्र म्हणून, शेवटी प्राण देऊन एका मुलीच्या अंगातलं भूत काढतात, पण थिएटरातल्या हजारो लोकांच्या मानगुटीवर जे बसलं, ते तसंच राहिलं. लोक चार वर्षं दिवा लावून झोपत होते. ते उतरवलं बर्टनच्या कुबडीने, घूं घूं करणाऱ्या यंत्राने आणि पांढऱ्या कोटातल्या कोकुमोने. एवढा मोठा सामुदायिक उतारा कुणा भगताच्या हातून झाला नसेल. आमच्या ओळखीतली एक मुलगी पहिला भाग पाहून घाबरली आणि काही केल्या रात्री एकटी झोपेना. तिला मी दुसरा भाग पाहायला सांगितला. टॅप डान्सपर्यंत ती पांघरूण डोळ्यांपर्यंत ओढून बसली होती. टोळाचा मुकुट आल्यावर तिने पोहे मागितले.

आपल्याकडे त्या मूळ भुताची रवानगी जास्त शहाणपणाने झाली. ‘हेरेटिक’च्याच वर्षी हिंदीत ‘जादू टोना’ आला, तो पहिल्या भागाच्या वाटेने जाणारा. पण मला जवळचा वाटतो तो १९८०चा ‘गहराई’. अरुणा राजे आणि विकास देसाई यांचं दिग्दर्शन, लेखनात विजय तेंडुलकर, वडिलांच्या कामात डॉ. श्रीराम लागू आणि झपाटलेल्या मुलीच्या कामात पद्मिनी कोल्हापुरे. बापाने गावाकडची जमीन विकलेली असते आणि त्याचा हिशेब मुलीच्या तोंडून कोणीतरी मागू लागतं. तिथे लागूंचा तो शिकलेला, विवेकी, या असल्या गोष्टींवर विश्वास नसलेला बाप जसजसा खचत जातो, तसं पोटात काहीतरी हलतं. प्रत्यक्ष आयुष्यात लागू देवालाच रिटायर करा म्हणणारे गृहस्थ. त्यांच्या घरात तांत्रिक येऊन बसलेला पाहणं ही शिक्षा त्यांच्या चेहऱ्यावर खरी वाटते. परक्या गोष्टीचा गाभा उचलून तो आपल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर चढवला, तर दुसऱ्या भागाची गरज पडत नाही.

अमेरिकेत मात्र गरज पडतच राहिली. १९९०मध्ये ब्लॅटीने स्वतः तिसरा भाग दिग्दर्शित केला आणि दुसरा भाग घडलाच नाही असं गृहीत धरलं. इस्पितळाच्या रिकाम्या मार्गिकेतलं एक लांबलचक दृश्य त्यात असं काही आहे, की तिथे हसण्याची हिंमत कुणाची होत नाही. तयार चित्रपट पाहून स्टुडिओ म्हणाला, छान आहे, पण नावात भूत काढणारा आहे आणि चित्रपटात तो नाही, हे कसं? मग शेवटी एक पाद्री घुसडण्यात आला. त्या बिचाऱ्याचा कथेशी काहीही संबंध नाही. बोलावलं म्हणून येतो, आपलं काम उरकतो. पुढे मेरिनच्या तरुणपणावर पॉल श्रेडरने एक चित्रपट पूर्ण केला, तो पुरेसा भीतिदायक नाही म्हणून बाजूला ठेवून रेनी हार्लिनकडून तीच गोष्ट पुन्हा करून घेतली, २००४मध्ये ती लागली, कुणी घाबरलं नाही, आणि मग पुढच्या वर्षी आधीचाही लावला. एका न घाबरवणाऱ्या चित्रपटाच्या जागी दोन मिळाले.

२०२१मध्ये तर हक्कांसाठी ४० कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या आल्या आणि २०२३मध्ये ‘बिलीव्हर’ आला. एकेकाळी नकार देणाऱ्या एलन बर्स्टिन नव्वदीत परतल्या. मिळालेल्या पैशांतून त्यांनी अभिनय शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली, म्हणजे या मालिकेतून अखेर कुणाचं तरी भलं झालं. एका मुलीने भागणार नाही असं वाटून या वेळी दोन मुली झपाटलेल्या आहेत. त्यांना सोडवायला पाद्री येतो, पास्टर येतो, जडीबुटी जाणणारी बाई येते, आईबाप येतात, शेजारी राहणारी नर्स येते. एका खोलीत इतकी मंडळी, सगळे एकाच वेळी बोलणारे. मी तर भुताचं वाक्य ऐकायला आवाज वाढवला.